क्यूसी लॅबमधली अ‍ॅनालिस्ट गरोदर असेल तर कुठली कामं थांबवायची, आणि कधीपासून?

सेफ्टी_रसायनी

औषधांचे मूळ घटक (बल्क ड्रग) बनवणाऱ्या कंपनीच्या क्यूसी लॅबसाठी, म्हणजे माल तपासणाऱ्या प्रयोगशाळेसाठी, गरोदर अ‍ॅनालिस्टच्या कामाची एसओपी (लेखी कार्यपद्धती) लिहायला घेतली आहे. लॅब अशी: २२ जण, त्यात १३ स्त्रिया. आठ एचपीएलसी आणि दोन हेडस्पेस जीसी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं), एक केएफ (पाण्याचा अंश मोजणारं कार्ल फिशर यंत्र), चार फ्यूम हूड (वाफ ओढून घेणारी कपाटं), वजनाची खोली वेगळी. रोज लागणारी सॉल्व्हंट म्हणजे मिथेनॉल, अ‍ॅसिटोनायट्राइल, एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड), टोल्यूइन, डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड), डीएमएसओ. एनएमपी कधीमधी.

पहिला मसुदा सोपा होता: ‘गरोदर असल्याचं कळवल्यावर सॉल्व्हंटचं काम बंद, डॉक्युमेंटेशनला बसवणे.’ तो आता मलाच पटेनासा झालाय. म्हणून विचारतो. सरसकट सगळी सॉल्व्हंट बंद करायची की ठरावीकच? कळवल्यापासून थांबवलं तर पुरतं का? पीआयडी मीटर (हवेतली वाफ दाखवणारं हातातलं यंत्र) घेऊन लॅबभर फिरलो, सगळीकडे ० ते २ पीपीएम. म्हणजे हवा ठीक आहे असं धरायचं का? आणि एचआर म्हणतं की लग्न झालेल्या सगळ्या मुलींकडून ‘जोखमीची कल्पना आहे’ असं लिहून घ्या, नाहीतर त्यांना लॅबमध्ये घेऊच नका. त्यांना काय उत्तर द्यायचं?

एक सीनियर म्हणतात, डीएमएफची मर्यादा ८८० पीपीएम आहे, आपण तिच्या आसपासही नाही. हे खरं का?

हवा_मोजणारा

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच मोठा आहे. ८८० पीपीएम हा आकडा आयसीएच क्यू३सी मधला, म्हणजे औषधात उरलेल्या सॉल्व्हंटच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतला. एक किलो औषधात ८८० मिलिग्रॅम डीएमएफ उरलं तरी चालेल, एवढाच त्याचा अर्थ. हवेतला पीपीएम म्हणजे दहा लाख भाग हवेत किती भाग वाफ. डीएमएफसाठी एसीजीआयएच या अमेरिकन संस्थेने सुचवलेली आठ तासांची मर्यादा आहे ५ पीपीएम. टोल्यूइनचंही तसंच: औषधात ८९०, हवेत २०. आपल्याकडच्या कायद्याच्या तक्त्यात टोल्यूइनला १०० आहे, पण एसओपीत २० च धरा. फार्मावाल्यांच्या तोंडात क्यू३सीचे आकडे इतके बसलेले असतात की ही चूक चांगल्या चांगल्या लोकांकडून होते.

आता मीटर. पीआयडीत बहुतेक वेळा १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा दिवा असतो. ज्या रेणूचं आयनीभवन त्याहून कमी ऊर्जेत होतं तेवढेच त्याला दिसतात. टोल्यूइन ८.८, डीएमएफ ९.१, अ‍ॅसिटोन ९.७, हे दिसतात. मिथेनॉल १०.८५, एमडीसी ११.३, अ‍ॅसिटोनायट्राइल १२.२, हे दिसत नाहीत. म्हणजे तुमच्याकडे सर्वात जास्त खपणाऱ्या तिन्ही सॉल्व्हंटना तुमचा मीटर आंधळा आहे. ११.७ चा दिवा घेतलात तर मिथेनॉल आणि एमडीसी दिसतील, अ‍ॅसिटोनायट्राइल तरीही नाही. शिवाय तो दिवा दमट हवेत लवकर मरतो. रसायनीच्या पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नका. आणखी एक: मीटर आयसोब्युटिलीनवर कॅलिब्रेट केलेला असतो. टोल्यूइनचा गुणक साधारण ०.५, म्हणजे पडद्यावर २० दिसले तर खरे १०.

मोजायचं ते माणसावर मोजा, खोलीत नको. पंप कमरेला, नळी कॉलरला, नाकापासून ३० सेंमीच्या आत. टोल्यूइनला कोळशाची १००/५० मिलिग्रॅमची नळी चालते. प्रवाह मिनिटाला ०.०२ लिटर ठेवला तर ४०० मिनिटांत ८ लिटर हवा जाते, आणि त्या नळीची कमाल तेवढीच. घाईने जास्त प्रवाह ठेवला की टोल्यूइन मागच्या ५० मिलिग्रॅमच्या भागात निसटतं. तिथे पुढच्या भागाच्या दहा टक्क्यांहून जास्त सापडलं तर नमुना बाद. डीएमएफला कोळसा नको, सिलिका जेलची नळी.

पण आठ तासांच्या सरासरीत दहा मिनिटांचा भपका बुडून जातो, म्हणून त्या त्या कामावर उभं राहून वेगळं मोजा. लॅबमध्ये हूडखालचं काम बहुधा बरं असतं. घाण होते ती इतरत्र:

एचपीएलसीचा वेस्ट कॅन. मिनिटाला १ मिलि प्रवाह म्हणजे एका यंत्राचे दिवसरात्रीत १४४० मिलि. आठ यंत्रांचं हे सगळं २० लिटरच्या उघड्या तोंडाच्या कॅनमध्ये, टेबलाखाली, अ‍ॅनालिस्टच्या गुडघ्याशी.

भांडी धुण्याची जागा. उरलेलं सॉल्व्हंट सिंकमध्ये, मग अ‍ॅसिटोनची धार, मग ओली भांडी थेट गरम ओव्हनमध्ये. ओव्हनचा धूर खोलीतच. इथे काम करणारी बाई बऱ्याचदा कंत्राटी असते आणि एसओपीत तिचं नावच नसतं. तुमच्या १३ मध्ये ती धरली आहे का, बघा.

एमडीसीने एक्स्ट्रॅक्शन करताना सेपरेटिंग फनेलचा दाब सोडणं. तोंड हूडच्या आत वळवलेलं असतं का, एकदा उभं राहून पाहाच.

हेडस्पेसची गरम व्हायल थंड न होऊ देता उघडणं.

हूडसाठी: काचेची उंची ४५ सेंमीपर्यंत, तोंडाशी वेग सेकंदाला ०.५ मीटरच्या आसपास, काम काचेपासून १५ सेंमी आत. मागच्या फटीपुढे बाटल्यांची रांग लावली की हे आकडे कागदावरच राहतात. हूडवर थेट येणारा स्प्लिट एसीचा झोत हे आणखी एक नेहमीचं दुखणं. मागून माणूस चालत गेला तरी त्याचा वेग हूडच्या वेगाच्या दुप्पट असतो, वाफ बाहेर ओढली जाते. टिश्यूची पट्टी आत वळली म्हणून हूड पास करू नका, धुराच्या नळीने तपासा.

गरोदरपणात मिनिटाला आत घेतली जाणारी हवा ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. हवा तीच, मात्रा जास्त. म्हणून मी मर्यादेचा दहावा भाग ही रेषा धरतो. ही कायद्याची रेषा नाही, माझी आहे.

कॉलम_ओव्हन

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण धागा एका बाजूला झुकलाय. सगळे सॉल्व्हंटबद्दल बोलताहेत, वजनाच्या खोलीचं काय? बल्क ड्रगच्या लॅबमध्ये गर्भाला सर्वात घातक वस्तू अनेकदा सॅम्पलच्या पिशवीत असते. मिसोप्रोस्टॉल, मेथोट्रेक्सेट, आयसोट्रेटिनोइन, मायकोफेनोलेट, वॉरफरिन, बोसेन्टान, रिबाविरिन, ड्युटास्टेराइड. यातलं काही तुमच्या प्रॉडक्ट लिस्टमध्ये असेल तर एसओपीचं पहिलं पान त्याचं. ड्युटास्टेराइड त्वचेतून जातं आणि पुरुष गर्भाच्या जननेंद्रियांची वाढ बिघडवतं. गळकी कॅप्सूलसुद्धा गरोदर बाईने हाताळू नये असं औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. इथे तर शुद्ध पावडर आहे.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून: हवेतली मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅम असेल तर एका शिफ्टमध्ये, म्हणजे साधारण १० घनमीटर हवेतून, शरीरात जाऊ शकतात १०० मायक्रोग्रॅम. मिठाचा एक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा. दोन कणही नाहीत! बॅलन्सच्या पॅनभोवती जी पांढरी कड दिसते ती याच्या कित्येक पट असते.

तोल (वजन करणं) हवा ओढून घेणाऱ्या एन्क्लोजरमध्येच. स्थिर विजेने पावडर उडते, त्यासाठी आयोनायझर. स्पॅट्युला पिशवीवर आपटून झटकायचा नाही. झाल्यावर ओल्या पुसण्याने पुसायचं, कोरड्या ब्रशने नाही. वापरलेली बटर पेपरची चिठ्ठी साध्या कचऱ्यात नको, झिप पिशवीत. आणि बॅलन्सचं लॉगबुक बाहेर ठेवा. त्याच हातमोज्यांनी पेन धरलं जातं आणि पेन सगळ्या लॅबभर फिरतं.

सॉल्व्हंटची निवड एसडीएसच्या (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या) विभाग २ वरून करा. एच३६०डी म्हणजे गर्भाला हानी करतं असं मानलेलं. डीएमएफ, एनएमपी, फॉर्मामाइड यात येतात. एच३६१डी म्हणजे तसा संशय, टोल्यूइन तिथे. एच३६२ म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळाला त्रास होऊ शकतो, आणि बाई रजेवरून परत आल्यावर हा कोड कामाचा असतो. तेव्हा कोणी यादी उघडत नाही. विभाग २ वर ‘नॉट क्लासिफाइड’ असेल तर विभाग ११ मध्ये पुनरुत्पादनाची ओळ वाचा. ‘नो डेटा अव्हेलेबल’ असेल तर तो पदार्थ निर्दोष ठरत नाही, तपासलेला नाही एवढंच. मिश्रणांना विभाग ३.

हातमोजे. लॅबमधले निळे पातळ नायट्राइल डीएमएफला काही मिनिटंच थांबवतात, एमडीसीला जवळजवळ नाहीच. डीएमएफ आणि अ‍ॅसिटोनायट्राइलला ब्युटिल उत्तम, पण तेच ब्युटिल टोल्यूइन आणि एमडीसीला कुचकामी. सगळ्याला एकच हवा असेल तर पॉलिइथिलीनच्या थरांचा लॅमिनेट हातमोजा आत आणि पकड यावी म्हणून वरून नायट्राइल. एमडीसीचा थेंब पडला की हातमोजा तिथेच काढायचा, ‘हे व्हायल संपवते मग काढते’ नाही. डीएमएफला उकळायला १५३ अंश लागतात, खोलीत वाफ फार होत नाही. म्हणून लोक त्याला गरीब समजतात, आणि ते त्वचेतून जात राहतं.

डीएमएफच्या जागी डीएमएसओ घ्यायचं तर दोन गोष्टी. डायल्युअंट (नमुना विरघळवायचा द्रव) बदलला की मेथड व्हॅलिडेशन पुन्हा, चेंज कंट्रोल, दोनेक महिने सहज जातात. तोवर काम दुसऱ्याकडे द्यावंच लागणार. दुसरं, डीएमएसओ स्वतः बरं असलं तरी त्यात विरघळलेलं सगळं त्वचेतून आत ओढून नेतं. डीएमएसओमध्ये मेथोट्रेक्सेट हे डीएमएफमधल्या पॅरासिटामॉलपेक्षा कितीतरी वाईट.

मास्कचं एका ओळीत: कापडी, सर्जिकल, एन९५, यातला एकही वाफ अडवत नाही.

सेफ्टी_रसायनी

दोघांचे आभार. वेस्ट कॅनचं वर्णन वाचून लॅबमध्ये जाऊन आलो. आठपैकी सहा कॅन तसेच आहेत, नळी नुसती तोंडात खोचलेली. भांडी धुणाऱ्या दोघी कंत्राटदाराच्या आहेत आणि मोजणीत नव्हत्या.

एसडीएस चाळताना केएफच्या रिएजंटवर अडलो. आमच्याकडे दोन ब्रँड आहेत. एकाच्या विभाग ३ मध्ये मिथेनॉल आणि इमिडाझोल, दुसऱ्याच्या विभाग ३ मध्ये टू-मिथॉक्सीइथेनॉल. बाटलीवर पुढून दोन्हीकडे ‘पिरिडीन फ्री’ एवढंच मोठ्या अक्षरात. फरक पडतो का?

हवा_मोजणारा

फार पडतो. दुसरी बाटली आजच बाजूला काढा. टू-मिथॉक्सीइथेनॉल म्हणजे जुन्या लोकांचं मिथाइल सेलोसॉल्व्ह. शरीरात त्याचं मिथॉक्सीअ‍ॅसेटिक आम्ल होतं आणि घात करतं ते हे आम्ल. शरीरातून ते हळू जातं, म्हणून रोज थोडं थोडं साचतं. गर्भावर परिणाम, आणि पुरुषांत शुक्रजंतूंवरही. एच३६०एफडी असा जोड कोड त्याचाच: ‘एफ’ प्रजननक्षमतेसाठी, ‘डी’ गर्भासाठी.

याच गटातल्या ग्लायकॉल ईथरमुळे अमेरिकेतल्या सेमीकंडक्टर कारखान्यांचं प्रकरण गाजलं. चिपवर लावायच्या फोटोरेझिस्टमध्ये हे ईथर असायचे. १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या हडसनच्या कारखान्यात पाहणी झाली, गर्भपात जास्त दिसले. उद्योगाने मग स्वतःच्या खर्चाने आणखी पाहण्या करवून घेतल्या, १९९२ पर्यंत त्यांचेही निष्कर्ष तेच आले. तिथे कोणी पिंप अंगावर ओतून घेत नव्हतं; स्वच्छ, पांढऱ्या, गाळलेल्या हवेच्या खोल्या होत्या. गाळणी धूळ अडवत होती, वाफ नाही.

जर्मनीच्या माक यादीत (कामाच्या जागेच्या हवेतल्या मर्यादांची यादी) प्रत्येक पदार्थापुढे गर्भासाठी वेगळं अक्षर असतं. ‘सी’ म्हणजे मर्यादा पाळली तर गर्भाला हानीची भीती नाही. ‘बी’ म्हणजे मर्यादा पाळूनही हानी नाकारता येत नाही. डीएमएफ आणि टू-मिथॉक्सीइथेनॉल, दोन्ही ‘बी’. तुम्ही विचारलं होतंत, सरसकट की ठरावीक. ठरावीकची सुरुवात या अक्षरावरून करा.

कारखाना_वैद्य

‘कधीपासून’ या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, तो मी घेतो.

पाळीची तारीख चुकते तेव्हा गर्भ साधारण दोन आठवड्यांचा असतो. मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून २८व्या दिवसापर्यंत मिटते. म्हणजे पाळी चुकल्यापासून जेमतेम दोन आठवडे. घरी पट्टीवर बघणं, मग डॉक्टर, मग घरच्यांना सांगणं, आणि आपल्याकडे ‘तीन महिने कोणाला बोलू नये’ ही रीत. कंपनीत पत्र येतं तोवर अवयव घडण्याचा काळ संपलेला असतो. थॅलिडोमाइडची घातक खिडकी गर्भधारणेनंतरच्या २० ते ३६ दिवसांची होती, यावरून कल्पना करा. म्हणून ‘कळवल्यापासून’ हा शब्द असलेली एसओपी पहिल्या दोन महिन्यांसाठी कोरी आहे. एच३६०डी चे पदार्थ आणि घातक पावडरी यांची व्यवस्था सर्वांसाठी, कायमचीच बंदिस्त असायला हवी. कळवल्यानंतर फक्त उरलेलं थोडं बदलायचं. सोबत एक साधी गोष्ट: मूल हवं असेल त्यांनी आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. हे नोटीस बोर्डावर लावा, नाव विचारावं लागत नाही.

मेंदू मात्र नऊ महिने घडत असतो, त्यामुळे ‘तीन महिने झाले, आता चालेल’ हेही चूक. सॉल्व्हंट हुंगण्याचं व्यसन असलेल्या स्त्रियांच्या मुलांत टोल्यूइनचे परिणाम दिसले आहेत: लहान डोकं, दारूमुळे होतो तसा चेहऱ्यातला बदल, मंद वाढ. ती मात्रा लॅबच्या कितीतरी पट असते, तुमच्या मुलींना या उदाहरणाने घाबरवू नका. ते दाखवतं एवढंच की टोल्यूइन वार ओलांडतं.

एमडीसीवर गर्भाचा कोड नाही म्हणून ते सुटतं, ते सोडू नका. शरीरात त्याच्या काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड होतो. तो आईच्या रक्तातून बाळाच्या रक्तात जातो, आणि बाळाच्या रक्तातून निघायला आईपेक्षा जास्त वेळ घेतो. आईला नुसतं डोकं जड वाटतं. लॅबमध्ये डोकं दुखणारी गरोदर मुलगी असेल तर ‘उपाशी होतीस का’ याच्याआधी ‘आज एक्स्ट्रॅक्शन केलंस का’ हे विचारा. अ‍ॅसिटोनायट्राइलचंही लक्षात ठेवा: त्यातून सायनाइड हळूहळू सुटतं, लक्षणं काही तासांनी, घरी गेल्यावर येतात.

तपासण्यांबद्दल. टोल्यूइनसाठी लघवीतलं हिप्युरिक आम्ल बघायची जुनी पद्धत अजून काही लॅब विकतात. सोडियम बेंझोएट घातलेलं लोणचं, सॉस, थंड पेय यांनीही ते वाढतं. त्यापेक्षा कामाच्या शिफ्टच्या शेवटी लघवीतलं ऑर्थो-क्रेसॉल. डीएमएफसाठी एन-मिथाइलफॉर्मामाइड, तेही शिफ्ट संपताना; आणि ही तपासणी त्वचेतून गेलेलंही पकडते, हवेचा पंप ते पकडत नाही. डीएमएफ यकृताला लागतं म्हणून एलएफटी (यकृताच्या रक्तचाचण्या) करतात. गरोदरपणात अल्कलाइन फॉस्फटेज वारेमुळे आपोआप वाढतं, त्याला घाबरू नका, त्यातलं एएलटी बघा. एएलटी वाढलं तर ‘केमिकलमुळे’ म्हणून थांबू नका, गरोदरपणाचे स्वतःचे यकृताचे गंभीर आजार असतात. त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे. केसातल्या धातूंचं पॅकेज वगैरेवर पैसे घालवू नका.

प्रसूतितज्ज्ञांना चिठ्ठी द्या. ‘केमिकल कंपनीत काम करते’ या वाक्याचा त्यांना काही उपयोग नाही. लिहा: पदार्थाचं नाव, आठवड्यात किती दिवस, दिवसाला किती मिनिटं, हूडमध्ये की बाहेर, हातमोजा कुठला, मोजलेला आकडा, आणि शेवटच्या पाळीच्या तारखेपासूनचे आठवडे. सोबत एसडीएसची विभाग २ आणि ११ ची पानं. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी नेहमीप्रमाणे. ती अवयवांची घडण दाखवते. पुढे शिकण्या-बोलण्यावर होऊ शकणारा परिणाम तिच्यात दिसत नाही. आणि लॅबमध्ये काम केलं एवढ्या कारणावर गर्भपाताचा सल्ला कोणी देत असेल तर दुसरं मत घ्या.

सांडलं तर: कपडे लगेच काढा, १५ मिनिटं वाहतं पाणी, वेळ लिहून ठेवा, पदार्थाचं नाव घेऊन दवाखान्यात. घेरी आली असेल तर ऑक्सिजन लावायला गरोदरपण आड येत नाही.

कलमवाला

एचआरसाठी.

लिहून घेतलेल्या हमीपत्राने कारखानदाराची जबाबदारी रतीभरही कमी होत नाही. धोक्याची माहिती देणं आणि धोका कमी करणं ही दोन्ही मालकाची कामं; कामगाराने सही केली म्हणून ती तिच्याकडे सरकत नाहीत. उलट ते पत्र उद्या पुरावा ठरेल की कंपनीला धोका माहीत होता.

‘लग्न झालेल्या नकोत’ हा मार्ग अमेरिकेत पूर्वी चोखाळून झालाय. १९७८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडच्या रंगद्रव्य कारखान्यात नियम आला की मूल होऊ शकणारी बाई शिशाच्या विभागात नको. नोकरी टिकवायला पाच जणींनी नसबंदी करून घेतली. पुढे असाच नियम बॅटरी बनवणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्सने लावला, तो १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. मुद्दा साधा होता: शिसं पुरुषाच्या बीजालाही लागतं, मग नियम बाईलाच का? १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपला डीबीसीपी हे कीटकनाशक बनवणाऱ्या पुरुषांची शुक्रजंतूंची संख्या घटलेली, काहींची शून्यावर आलेली आढळली, तिथे तर बाईचा प्रश्नच नव्हता. तुमच्या केएफच्या बाटलीवरचं ‘एफ’ अक्षर पुरुष अ‍ॅनालिस्टसाठीही आहे, हे एचआरला दाखवा.

मसुदा कसा लिहावा, तर १९९२ च्या युरोपीय निर्देशातला क्रम उचला. आधी काम किंवा जागेची रचना बदला. ते जमत नसेल तर दुसरं काम. तेही नसेल तर पगारी रजा. आपल्याकडे उडी थेट दुसऱ्या पायरीवर पडते, आणि ‘डॉक्युमेंटेशनला बसवणे’ म्हणजे शिफ्ट भत्ता जाणं, अप्रेझलला ‘लॅबचं काम केलं नाही’ हा शेरा. हे कळल्यावर कोण लवकर सांगेल? एसओपीत एक ओळ घाला की बदलीच्या काळात भत्ते आणि ज्येष्ठता तशीच राहील. वैद्य साहेबांनी जो उशिराचा प्रश्न मांडला, तो निम्मा इथे सुटतो.

मातृत्व रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८. गरोदर आहे म्हणून काढणं बेकायदा. ही रजा धोक्यावरचा उपाय म्हणून वापरू नका. आठ आठवडे आधी घरी पाठवलं तरी सात महिने ती लॅबमध्येच असते.

पट्टीपाना

अवांतर आहे, पण इथे जाणकार दिसताहेत. जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या फोडण्याच्या युनिटमध्ये नवरा कामाला, बायको घरी, तिसरा महिना. तिला काही धोका असतो का? कपडे घरीच धुतले जातात.

कारखाना_वैद्य

असतो, आणि मला तो वरच्या लॅबपेक्षा जास्त वाटतो. शिसं कपड्यांवर, बुटांच्या तळव्यावर, केसांत, मोबाइलवर, दुचाकीच्या सीटवर, डब्याच्या पिशवीत बसून घरी येतं. कामाचे कपडे ती झटकून बादलीत टाकते त्या क्षणी नाकात धूळ जाते.

आधी दोघांचं रक्तातलं शिसं तपासा. शिरेतून घेतलेलं रक्त; बोटाला टोचून नको, त्वचेवरच्या शिशाने आकडा फुगतो. तिचं डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर उगम शोधून पुन्हा तपासणी. १० च्या वर असेल तर त्या संपर्कातून पूर्ण बाहेर. ४५ किंवा वर गेलं तर मोठ्या रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. शिसं बाहेर काढणारी औषधं परस्पर घेऊ नयेत. नवऱ्याचा आकडा तिच्यापेक्षा खूप जास्त असणार, ते स्वतंत्र प्रकरण.

रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, हाडांतलं दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघतं तसं साठलेलं शिसंही निघतं. म्हणून कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या चुकवू नयेत, आणि लोहाची गोळी त्यांच्याबरोबर न घेता वेगळ्या वेळी.

घरासाठी: त्याने कामावरच आंघोळ करून कपडे-बूट बदलून यावं. ते जमत नसेल तर कपडे बंद पिशवीत, त्यानेच धुवायचे, वेगळ्या बादलीत, झटकायचे नाहीत. बूट दाराबाहेर. उंबऱ्याजवळची आणि पलंगाखालची फरशी ओल्या फडक्याने, झाडू नको. धुण्याचं मळकं पाणी अंगणातल्या भाज्यांच्या वाफ्यात ओतू नका. आणि ‘शक्तीचं’ म्हणून कोणी नाग भस्म देत असेल तर तेही बंद. नाग म्हणजे शिसंच. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ मध्ये सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं सापडलं, ते भारतातून आलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांतून.

सेफ्टी_रसायनी

मसुदा नव्याने लिहिला. सॉल्व्हंटची यादी काढून कामांची यादी केली: तोल, एक्स्ट्रॅक्शन, हेडस्पेसची तयारी, केएफ, वेस्ट, भांडी. प्रत्येकापुढे पदार्थ, कोड, हातमोजा आणि कळवल्यावर ते काम कोणाकडे जाईल. धुणाऱ्या दोघी आता यादीत आहेत. टू-मिथॉक्सीइथेनॉलची बाटली स्टोअरमधून ब्लॉक केली. वेस्ट कॅनसाठी जीएल४५ च्या कार्बन फिल्टरवाल्या टोप्या आठ मागवतोय.

हवा_मोजणारा

थांबा, ऑर्डर देऊ नका. जीएल४५ हा मोबाइल फेजच्या काचेच्या बाटलीचा आटा आहे. २० लिटरच्या कॅनचं तोंड त्याहून मोठं असतं आणि कॅनगणिक वेगळं. आठही कॅनची तोंडं व्हर्नियरने मोजा, एकाच बनावटीचे कॅन करून घेता आले तर आणखी बरं. टोपीत नळीच्या आकाराची भोकं हवीत, १/८ इंची आणि १/१६ इंची बघून घ्या, नाहीतर पुन्हा टेप गुंडाळतील. फिल्टर बसवला त्या दिवसाची तारीख त्याच्यावर मार्करने लिहा. कार्बन भरला की बाहेरून काहीच कळत नाही. आणि कॅनखाली ट्रे.